फूटभर अंतराने हरलेली शर्यत

वाचावयाचा शास्त्रभाग : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ९, ओव्या २४ ते २७, आणि इब्री लोकांस पत्र, अध्याय ११, ओवी ३९ पासून अध्याय १२, ओवी २ पर्यंत.



प्रेषित पौल करिंथ शहरी दीड वर्ष राहिला, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात लिहिले आहे. त्या शहराजवळ, दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर, दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत असत. दूरदूरचे लोक ते पाहावयास जमत. धावणारे पुष्कळ असत, पण मुकुट एकाच्याच मस्तकी चढे; आणि तोही पाल्याचा, चार दिवसांत सुकून जाणारा. म्हणून पौलाने तेथील मंडळीस शर्यतीचा दृष्टान्त दिला, तेव्हा ऐकणाऱ्यांस जिंकणाऱ्याचा जयघोष जसा आठवला असेल, तसाच थोडक्यात हरून मान खाली घालून घरी जाणाराही आठवला असेल. ह्या दुसऱ्या मनुष्याविषयी, आणि त्याच्या बाजूने ओरडून ज्यांचा घसा बसला त्या त्याच्या पाठीराख्यांविषयी, आज आपण विचार करू.

हा विचार आपल्या बीड जिल्ह्यास परका नाही. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे नाव आपल्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. १९९४ साली शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा सहा किलोमीटर दूर. ती वाट ते लहानपणी कधी चालून, कधी धावून काटीत. बारावीनंतर ते महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत भरती झाले. सियाचेनचे बर्फ व राजस्थानची वाळू ही दोन्ही त्यांनी पाहिली, आणि सैन्यात गेल्यावरच ते स्पर्धेच्या धावण्याकडे वळले. त्यांची शर्यत स्टीपलचेस नावाची आहे. ती ३,००० मीटरांची असून तीत अठ्ठावीस वेळा तीन फूट उंचीचे लाकडी अडसर ओलांडावे लागतात आणि सात वेळा अडसरापुढील पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. हे अडसर पाय लागला म्हणून पडत नाहीत. पडतो तो धावणारा.

६ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी राष्ट्रकुल खेळांत ही शर्यत झाली. १९९८ पासून २०१८ पर्यंत भरलेल्या सहाही राष्ट्रकुल खेळांत ह्या शर्यतीची तिन्ही पदके केनिया देशाच्या धावपटूंनीच नेली होती. त्या दिवशी केनियाचे अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पोहोचले आणि साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत. एका सेकंदाचे शंभर भाग केले, तर त्यांतील पाच भागांचा फरक. त्या वेगाने धावणारा मनुष्य तेवढ्या वेळात सुमारे एक फूट पुढे जातो. तीन हजार मीटर धावून सुवर्णपदक व रौप्यपदक ह्यांमध्ये अंतर उरले ते एवढेच.

असा पराभव मनास विशेष बोचतो. जो फार मागे राहिला त्याचे पाठीराखे लवकर शांत होतात. परंतु जो थोडक्यात हरला त्याच्या पाठीराख्यांस ‘जर’ हा शब्द सोडीत नाही. शेवटचा अडसर जर अर्धे पाऊल आधी ओलांडला असता. जर छाती जराशी पुढे झोकली असती. जर वेग थोडा आधीच वाढविला असता! पारावर, चहाच्या दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर ह्या ‘जर’चेच पीक निघते. ह्यात मोठे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. दोन शिष्य अम्माऊसच्या वाटेने जात असता आपली आशा कशी मोडली हेच एकमेकांस सांगत होते, आणि प्रभूने त्यांच्याबरोबर चालत त्यांचे सगळे बोलणे प्रथम ऐकून घेतले. मग त्यांस शास्त्र उलगडून सांगितले. दुःख बोलून दाखविणे ही दुर्बळता नव्हे. परंतु त्या बोलण्यातून आपण कोठे जाऊन पोहोचतो, ते पाहिले पाहिजे. म्हणून तीन गोष्टी आपणांपुढे ठेवितो.

पहिली गोष्ट ही की, पराभवाचे माप खऱ्या मापाने घ्यावे.

बर्मिंगहॅमच्या शर्यतीपूर्वी साबळे यांची सर्वांत चांगली वेळ ८ मिनिटे १२.४८ सेकंद होती, आणि तोच भारताचा उच्चांक होता. हरण्याच्या दिवशी त्यांनी तो मोडला. म्हणजे ज्या दिवसास आपण पराभवाचा दिवस म्हणतो, त्या दिवशी ते तोवरच्या आयुष्यात कधी धावले नव्हते इतके जलद धावले. पुढे १ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगचौ शहरी आशियाई खेळांत त्याच शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. तेव्हा त्यांची वेळ काय होती? ८ मिनिटे १९.५० सेकंद. ती बर्मिंगहॅमच्या वेळेहून आठ सेकंदांपेक्षाही अधिक आहे. जलद धावले तेव्हा दुसरे आले. त्याहून हळू धावले तेव्हा पहिले आले.

बंधूंनो, ह्या दोन आकड्यांकडे नीट पाहा. क्रमांक हा केवळ आपल्या श्रमाने ठरत नाही. आपल्याबरोबर त्या दिवशी कोण धावत आहे, ह्यानेही तो ठरतो. उपदेशकाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात ज्ञानी पुरुषाने हेच जाणले, की वेगवान असणाऱ्याच्याच हाती शर्यत लागेल असा ह्या सूर्याखाली नियम नाही. श्रम आपल्या हाती दिला आहे, क्रमांक दिलेला नाही. जे आपल्या हाती दिले त्याचाच हिशेब धनी मागेल. रुपयांच्या दृष्टान्तात पाच मिळविणाऱ्यास व दोन मिळविणाऱ्यास धन्याने एकच शाबासकी दिली, ती ह्याच कारणाने. आणि रागे भरला तो फक्त त्याच्यावर, ज्याने आपला रुपया पुरून ठेविला होता. म्हणून कोणी हरून आला तर प्रथम हे विचारावे की, तू काल होतास त्याहून आज पुढे आहेस काय? तसे असेल तर जग काहीही म्हणो, तो दिवस वाया गेला नाही.

दुसरी गोष्ट ही की, पराभवाचे दुःख द्वेषात उतरू देऊ नये. मग तो द्वेष जिंकणाऱ्याचा असो वा हरणाऱ्याचा.

ज्याने आपल्या मनुष्यास हरविले त्याचे नावही घ्यावयास पाठीराखे कित्येकदा राजी नसतात. परंतु किबिवोट कोण होते? २०१८ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे ह्याच शर्यतीत ते स्वतः दुसरे आले होते. दुसऱ्या क्रमांकाचे पदक गळ्यात घालून परतणे कसे असते, हे त्यांसही ठाऊक होते. ज्यास आपण वैरी समजतो, तो पुष्कळदा आपलीच वाट आपल्याआधी चाललेला मनुष्य असतो. शौल व योनाथान ह्या बापलेकांची गोष्ट आठवा. स्त्रिया नाचत गात निघाल्या आणि त्यांनी शौलाचा आकडा लहान व दावीदाचा मोठा सांगितला, एवढ्यावरून शौलाचे मन विषाने भरले आणि मरेपर्यंत निवळले नाही. योनाथान तर गादीचा वारस. त्याचेच सर्वांत अधिक जाणार होते. परंतु त्याने रानात जाऊन दावीदास धीर दिला, आणि राज्य तुझे होईल व मी तुझ्या खालोखाल राहीन, अशा अर्थाचे बोल प्रसन्न मनाने काढिले. एकाच घरात दोन माणसे. एकास दुसरा क्रमांक मृत्यूसारखा वाटला, दुसऱ्याने तो मित्राच्या प्रेमापोटी आपण होऊन पत्करिला. आपण कोणाच्या पंगतीस बसणार, हे आपण ठरवावयाचे आहे.

आणि द्वेषाची दुसरी वाट ह्याहूनही क्रूर आहे. जिंकणारा दूर असतो, त्याच्यावर राग काढिता येत नाही. मग आपल्याच माणसांतील एकास धरून त्याच्या माथी सारे ओझे मारितात. १६ जुलै १९५० रोजी ब्राझिल देशातील रिओ द जानेरो शहरी, मराकाना नावाच्या क्रीडांगणात, दीड लाखाहून अधिक लोक जागतिक फुटबॉल स्पर्धेचा शेवटचा सामना पाहावयास जमले होते. ब्राझिलला जगज्जेते होण्यास बरोबरीही पुरेशी होती. पहिला गोल त्यांनीच केला. परंतु उरुग्वेने दोन गोल करून सामना २-१ असा जिंकिला. दुसरा गोल झाला तेव्हा खेळ संपावयास दहा-अकरा मिनिटे उरली होती. मैदानात अकरा खेळाडू होते, पण लोकांनी दोष ठेविला तो मुख्यतः गोलरक्षक मोआसिर बार्बोसा यांच्यावर. ते २००० साली वारले, तोवर तो डाग त्यांच्या कपाळावरून कोणी पुसला नाही. आपल्या देशात मोठ्यात मोठ्या अपराधास तीस वर्षांची शिक्षा आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगली, अशा अर्थाचे त्यांनी म्हातारपणी सांगितले.

एका चेंडूसाठी पन्नास वर्षे! ही शिक्षा कोणत्या न्यायाधीशाने दिली? कोणीच नाही. ज्यांनी त्या दिवसापूर्वी त्यांच्या नावाचा जयजयकार केला, त्यांनीच ती दिली. ही गोष्ट दूरच्या देशाची खरी. परंतु आपल्या घरांत ती घडत नाही काय? पोरगा परीक्षेत थोडक्यात राहिला तर बाप आईस म्हणतो, तुझ्या लाडाने बिघडला. पीक हातचे गेले तर भाऊ भावास दोष देतो. पंचायतीची निवडणूक पाच-दहा मतांनी गेली, तर कोणत्या घरातील मते फुटली ह्याचा शोध करिता करिता भावकीत पिढ्यांचे वैर लागते. जेथे दुःख सर्वांनी वाटून घ्यावयाचे, तेथे आपण एकास वेठीस धरितो. एकाच्या माथी सर्वांचे ओझे घालणे हे जगात एकदाच घडावयाचे होते, आणि ज्याने ते वाहिले त्याने ते आपण होऊन वधस्तंभावर वाहिले. त्याचे नाव घेणाऱ्या मंडळीने पुन्हा दुसऱ्या कोणास तसे बळी देऊ नये.

तिसरी गोष्ट ही की, हरणाऱ्याच्या जवळ राहावे.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर गाव आहे. तेथील खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक खेळांत कुस्तीत सहावे आले. सहाव्यास पदक नसते. चार वर्षांनी हेलसिंकीस जावयाचे, तर पदरी पैसा नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. पदक आले त्या दिवशी बैलगाड्यांची मिरवणूक काढणे सोपे आहे. परंतु सहाव्या क्रमांकानंतर घर गहाण ठेवणे, हे प्रेमाचे काम आहे. पाहणारा व पाठीराखा ह्यांतील भेद येथेच कळतो.

साबळे यांच्याविषयीही हाच प्रश्न आपणांपुढे आहे. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक खेळांत ह्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले, व तेथे ते अकरावे आले. २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅको येथे धावताना पाण्याच्या खड्ड्यापाशी पडून त्यांच्या गुडघ्यास दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेस ते मुकले. ज्या जिल्ह्याने हांगचौच्या सुवर्णपदकाचा आनंद केला, त्याने त्या दुखऱ्या गुडघ्याचीही आठवण ठेविली पाहिजे.

आता आपल्या खेड्यांकडे वळू. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडण्यास ऊसतोडीला जातात, आणि मुले म्हाताऱ्या आजीजवळ राहतात. अशा घरातील मुलगा वा मुलगी पहाटे चार वाजता उठून डांबरी सडकेवर धावते. सैन्याची वा पोलिसांची भरती निघेल आणि आईबापांच्या हातचा कोयता सुटेल, ह्या एकाच आशेने. सोळाशे मीटर धावणे, गोळाफेक, मग लेखी परीक्षा; आणि शेवटी यादी लागते तेव्हा एका गुणाने नाव राहते. ही शर्यत दूरचित्रवाणीवर दिसत नाही, ह्या पराभवावर कोणी लेख लिहीत नाही, परंतु त्या घरात त्या रात्री चूल पेटत नाही. गावात नजर चुकवून फिरण्यापेक्षा मेलेले बरे, असा विचार ह्या वयात मनात यावयास उशीर लागत नाही.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस व मंडळीतील वडील मंडळींस आमची विनंती आहे. यादी लागेल त्याच दिवशी त्या घरी जा. आठवडा जाऊ देऊ नका. गेल्यावर उपदेश करू नका, आणि ज्याचे नाव लागले त्याची स्तुतीही तेथे करू नका. एलीया रानात झुडुपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाच्या दूताने त्यास बोल लाविला नाही. भाकर व पाणी पुढे ठेविले, निजू दिले, पुन्हा उठवून जेवू घातले, आणि मग पुढची वाट दाखविली. तुम्हीही प्रथम विचारा, “बाळा, जेवलास का?” तो बोलेल ते ऐकून घ्या. तो मुळीच बोलत नसेल, अन्न टाकीत असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा काढीत असेल, तर त्यास एकटे सोडू नका. कोणी तरी रात्रभर जवळ राहा, आणि दुसऱ्या दिवशी त्यास दवाखान्यात डॉक्टरांकडे घेऊन जा. हे विश्वास उणा असल्याचे लक्षण नव्हे. जखमी वाटसरूस शोमरोनी मनुष्याने तेल व द्राक्षारस लाविला आणि उतारशाळेत नेले, तेच हे काम आहे. आणि रविवारी उपासनेत ज्याचे नाव यादीत लागले त्याच्यासाठी उपकारस्तुती कराल, तेव्हा ज्याचे राहिले त्याच्यासाठीही प्रार्थना करा. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद व शोक करणाऱ्यांबरोबर शोक, ही दोन्ही पौलाने रोमच्या मंडळीस एका श्वासात सांगितली आहेत. आपण त्यांतील अर्धीच पाळू नयेत.

कोणी म्हणेल, हरणाऱ्यास इतके गोंजारले तर जिंकण्याची उमेद मरेल. असे नाही. पौल हा ढिलाईचा गुरू नव्हता. जो आपल्या शरीरास कुदलून त्यास दास करून ठेवितो, असा तो धावणारा होता. परंतु त्याने करिंथच्या खेळांत व देवाच्या धावेत एक मोठा भेद पाहिला. त्या खेळांत मुकुट एक आणि धावणारे पुष्कळ. येथे मुकुट प्रत्येकासाठी राखून ठेविला आहे. आयुष्याच्या शेवटी, बंदिशाळेतून तीमथ्यास लिहिताना, आपला मुकुट सांगून तो लगेच म्हणतो की तो केवळ मलाच नव्हे. ज्या धावेत माझ्या भावाच्या जिंकण्याने माझे काही उणे होत नाही, तीत मी थांबून पडलेल्या भावास हात दिला तरी माझा मुकुट जात नाही. ही धाव धावणाऱ्यांनी जगाच्या शर्यतीतही अधिक मोकळ्या मनाने धावावे, व अधिक मोकळ्या मनाने हरावे.

शेवटी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील ते क्रीडांगण डोळ्यांपुढे आणा. सभोवती साक्षीदारांची दाटी आहे, आणि मध्ये आपण धावत आहो. हे साक्षीदार कोण? बसल्या जागी टाळ्या पिटणारे रिकामटेकडे लोक नव्हेत. ते स्वतः धावलेले आहेत. आणि अकराव्या अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे की विश्वासाची साक्ष मिळूनही त्यांस वचनातील वस्तू त्यांच्या आयुष्यात हाती आली नाही. अब्राहामास देशात कबरेपुरती जमीन मिळाली. मोशेने डोंगरावरून देश पाहिला आणि तेथेच देह ठेविला. थोडक्यासाठी राहिलेल्या लोकांनीच ते क्रीडांगण भरले आहे. म्हणून तेथून कोणी हरणाऱ्याची थट्टा करीत नाही, कोणी ‘जर’ म्हणत नाही. जो एकटा शेवटपर्यंत पोहोचला त्या येशूकडे ते बोट दाखवितात, आणि ऊठ, धाव, एवढेच सांगतात. आपल्या गावातील थकलेल्या लेकरांस आपणही असेच साक्षीदार व्हावे.

हे दयाळू पित्या, जे थोडक्यात राहिले त्यांस तू जवळ घे. आमच्या जिभेस दोष देण्यापासून आवर, आमच्या पायांस त्यांच्या घराची वाट दाखीव, आणि तुझ्या पुत्राकडे दृष्टी लावून आम्हां सर्वांस शेवटपर्यंत धावण्याचे बळ दे. आमेन.